निळ्या डोक्याची

एप्रिलची दुपार. सक्करदऱ्यात एकाच्या गच्चीवर
कूलर उघडा टाकून मी धावत घरी आलो,
कारण मुलानं फोनवर एवढंच म्हटलं,
"बाबा, तिचं डोकं दिसून राहिलं."

दिसून राहिलं म्हणजे काय
ते पिंजऱ्याचं दार उघडल्यावर कळलं.
मूठभर बटेर. कपाळापासून मानेपर्यंत
पिसं नाहीत, कातडी नाही,
आणि बाकीच्या चौघी,
दाणे टिपावेत इतक्या शांतपणे,
तिच्यातलं लाल टिपत होत्या.

शिव्या दिल्या मी त्यांना. भैताड, कसाई, काय काय.
त्यांनी मान तिरकी करून ऐकल्या.
चौघींच्या पिंजऱ्यात पाचवी
मीच आणून टाकली होती,
पिंजरेवाला म्हणाला म्हणून,
"घेऊन टाका भाऊ, एकटीच उरली."

सेमिनरी हिल्सच्या जनावरांच्या दवाखान्यात
आमच्या पुढे एक गोऱ्हा, मागे एक लॅब्रॅडॉर.
कुंभलकर मॅडम हसल्या नाहीत.
मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा म्हणाल्या,
चोळू नका, नुसती धार सोडा.
मग हे निळं.
"औषध जखमेसाठी. रंग बाकीच्यांसाठी.
लाल दिसलं की टोचतात त्या.
राग नसतो त्यांचा तिच्यावर."

राग नसतो.
हे वाक्य मी बर्डीच्या पुलापर्यंत
स्कूटरच्या आवाजात चावत आलो.

संत्र्याची पेटी. आत नव्या ताटीतून उरलेलं
कूलरचं गवत. वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून,
एक तर माशांसाठी,
आणि बटेर घाबरली की सरळ वर उडते,
फळी असती तर तेच डोकं परत फुटलं असतं.

दोन दिवस तिनं पाणी घेतलं नाही.
ड्रॉपरनं चोचीच्या कडेला थेंब ठेवायचा.
टाकायचा नाही, ठेवायचा.
तो तिनं आपण होऊन ओढला तेव्हा
पंचवीस वर्षं मोटारी भरणारा मी
श्वास धरून बसलो होतो.

तिसऱ्या रात्री ती ओरडू लागली.
दुखत असेल म्हणून उठलो, दिवा लावला.
जखम कोरडी. दाणे होते, पाणी होतं.
तोंड मात्र गॅलरीकडे.
आणि गॅलरीतून, पिंजऱ्यावरच्या चादरीखालून
चौघींपैकी कुणीतरी उत्तर दिलं.
एकदा. मग परत.

ही हाक मारून राहिली होती
तिला, जिच्या चोचीत हिची कातडी गेली.
काहून, म्हटलं. काहून बे?
ती जरा थांबली,
माझं झालं असं वाटल्यावर
पुन्हा हाक.

भिंतीपलीकडे मोतीराम खोकला.
माझा थोरला. दुकानाच्या वाटणीला सहा वर्षं झाली,
तो कोणत्या कुशीवर आहे
ते अजून मला खोकल्यावरून कळतं.
मी दिवा घालवला.

पंधरा दिवसांनी पेटीची एक फळी काढली,
ती पिंजऱ्याला टेकवली, मधे जाळी.
पहिल्या दिवशी जाळीवर चोचींची टकटक,
दोन्ही बाजूंनी, हिच्याही.
मग दाणे जाळीच्या अल्याड-पल्याड सांडले
आणि पाचही माना एकदम खाली गेल्या.

मोठा पिंजरा वेल्ड करून आणलाय.
दोन दारं, एक आडोसा, मागे लपायला जागा.
तिची पिसं काट्यांसारखी फुटताहेत,
टोकाला मेणाचा पापुद्रा.
मधल्या टकलावर येणार नाहीत,
मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

आज पेटीत अंडं होतं.
ठिपक्यांचं, एका बाजूला निळा डाग,
माझ्याच बोटाचा असावा.
मुलगा ते तळहातावर घेऊन
मोठ्या बाबांना दाखवायला गेला.
मी अडवलं नाही. बरोबरही गेलो नाही.

जाळीची तार सोडवायला पक्कड घेतली,
परत ठेवली.
उद्या. सकाळी, ऊन चढायच्या आत.